संगणक-सल्ला : सेवा केंद्रातील पेन ड्राइव्ह आणि व्हायरस

या अंकासाठी मराठवाड्यातून आलेली पाच पत्रे एकाच दुखण्याची आहेत. गावातले आपले सरकार सेवा केंद्र असो, झेरॉक्सच्या दुकानातले नेट सेंटर असो की ग्रंथालयाची अभ्यासिका असो, तिथला संगणक एकाचा नसतो; दिवसभरात त्याला अनेकांचे हात आणि अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात. त्यामुळे घरच्या संगणकासाठी सांगितले जाणारे उपाय तिथे अपुरे पडतात. म्हणून इतर पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून या पाच पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे गावात सेवा केंद्र आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि अंगठ्याचे यंत्र एवढा संसार आहे. दर दोन-तीन महिन्यांनी शॉर्टकट व्हायरस येतो. तालुक्याहून माणूस बोलावून फॉरमॅट मारून घेतो. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पीक विम्याच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत दारात रांग असताना यंत्र बंद ठेवणे परवडत नाही. मागच्या महिन्यात एका मुलीचा पेन ड्राइव्ह आमच्याकडे लावला आणि तिची सगळी कागदपत्रे गायब झाली. तिचे वडील भांडून गेले. संगणकात अँटीव्हायरस आहे. तरी हे का होते? (केंद्रचालक, ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : सर्वांत आधी त्या मुलीच्या वडिलांना निरोप द्या, की तो पेन ड्राइव्ह कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका आणि त्यात नवीन काही भरू नका. कागदपत्रे बहुधा त्यातच आहेत.

ज्याला आपण शॉर्टकट व्हायरस म्हणतो तो एकच एक व्हायरस नाही. एकाच युक्तीवर चालणारे ते अनेक ‘वर्म’, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, आहेत. संगणकात आधीच दबा धरून बसलेला वर्म नवा पेन ड्राइव्ह लागण्याची वाट पाहतो. तो लागताच त्यातील फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशी दोन चिन्हे लावून त्यांना दृष्टीआड करतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे, त्याच पिवळ्या चित्राचे शॉर्टकट ठेवतो. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक लहानसा वाकडा बाण दिसतो, तेवढीच काय ती खूण. ‘दाखले’ नावाच्या अशा शॉर्टकटवर क्लिक केले, की आधी वर्म चालू होतो आणि त्यानंतर खरे ‘दाखले’ फोल्डरही उघडते. काम अडत नाही, म्हणून सुरुवातीला कोणाला संशयही येत नाही. काही वर्म तर सगळ्या फायली एका नाव नसलेल्या फोल्डरमध्ये लोटून देतात. ‘अँड्रोमेडा’ नावाने ओळखले जाणारे बाधित संगणकांचे जाळे हेच करत असे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस अनेक देशांच्या पोलीस यंत्रणांनी मिळून ते जाळे मोडून काढले, पण ज्या पेन ड्राइव्हमध्ये त्याची पिल्ले आधीच बसली होती, ते पेन ड्राइव्ह काही कोणी गोळा केले नाहीत.

कागदपत्रे परत मिळवण्याचा सोपा मार्ग असा : पेन ड्राइव्ह लावल्यावर एकाही चित्रावर क्लिक न करता फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ यापुढील खूण काढून टाका. बहुतेक जण ही दुसरी पायरी विसरतात आणि काहीच दिसत नाही म्हणून हात टेकतात. आता फिकट रंगाची मूळ फोल्डरे दिसू लागतील. त्यांच्या आतील पीडीएफ आणि फोटो तेवढे नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. शॉर्टकट आणि व्हीबीएस व ईएक्सई प्रकारच्या, म्हणजे क्लिक करताच प्रोग्राम चालवणाऱ्या, फायली मात्र घेऊ नका. हे काम आपल्या आजारी संगणकावर न करता स्वच्छ संगणकावर करा. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली असलेला संगणक मिळाला तर उत्तमच. लिनक्सवर विंडोजची ‘हिडन’ खूण चालत नाही, त्यामुळे खरे फोल्डर आणि खोटा शॉर्टकट दोन्ही शेजारीशेजारी उघडे पडतात.

आता फॉरमॅट मारूनही तो परत का येतो ते पाहू. जालना जिल्ह्यातील एका केंद्रात मी हे समोर बसून पाहिले आहे. कारागिराने सी ड्राइव्ह पुसला, विंडोज नव्याने टाकले आणि प्रिंटर चालू करण्यासाठी डी ड्राइव्हमधील ‘सॉफ्टवेअर’ नावाचे फोल्डर उघडले. प्रिंटरची सेटअप फाइल काही वर्षांपूर्वी उतरवलेली होती, पण तिच्यासमोरची बदलाची तारीख मागच्याच आठवड्यातली होती. सॅलिटी किंवा रॅमनिट यांसारखे व्हायरस संगणकातील चांगल्या ईएक्सई फायलींमध्ये स्वतःला चिकटवून घेतात. ही फाइलही तशीच बाधित झालेली होती. त्याने सेटअपवर क्लिक केले आणि तासाभराची मेहनत त्याच क्षणी वाया गेली. हा प्रकार म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. फॉरमॅट करायचेच असेल तर डी ड्राइव्हमधील फक्त कागदपत्रे आणि फोटो बाजूला काढावेत, सर्व सेटअप फायली पुसून टाकाव्यात आणि प्रिंटर, स्कॅनर व अंगठ्याच्या यंत्राचे ड्रायव्हर त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने उतरवून घ्यावेत.

अँटीव्हायरसविषयी आपण तो आहे एवढेच लिहिले आहे. तो रोज अद्ययावत होतो का, हे कृपया उघडून पाहा. आपल्याकडे त्यात दोन अडथळे हमखास येतात. केंद्राचे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल आणि ती जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजका डेटा असलेली, म्हणून नोंदलेली असेल, तर डेटा वाचवण्यासाठी विंडोज आपले बहुतेक अपडेट स्वतःहून उतरवत नाही. दुसरा अडथळा मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा. ती संपली की प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते. मग सरकारी संकेतस्थळे सुरक्षिततेची चूक दाखवतात आणि अँटीव्हायरसचे अपडेटही अडते. सीआर २०३२ क्रमांकाची ही बॅटरी घड्याळजीकडेही मिळते. इतक्या स्वस्त वस्तूमुळे केंद्र दिवस दिवस बंद राहिलेले मी पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

विंडोज किंवा फोटोचे सॉफ्टवेअर क्रॅक करून, म्हणजे विकत न घेता त्याचे कुलूप तोडून, टाकलेले असेल, तर त्या क्रॅकने अँटीव्हायरस बंद करायला सांगितलेले असते आणि तो बंद केलेला पुन्हा चालू करायचे राहून जाते. कारागिराला हे स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच करू नका. पैसे आपण देत आहात.

पण अँटीव्हायरस कितीही चांगला असला, तरी केंद्राचे दुखणे त्याने मुळापासून जात नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्या संगणकावर आपण केंद्राचा आयडी उघडता, डिजिटल सहीचा टोकन लावता आणि लोकांचे अंगठे घेता, त्याच संगणकाला गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लागतो, हे खरे कारण आहे. आपल्याकडे दोन संगणक आहेत, म्हणजे निम्मे काम झालेले आहे. त्यांपैकी जुना संगणक काउंटरच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि त्यावर लुबंटू किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेले बॉस यांपैकी एखादे लिनक्स टाका. दोन्ही फुकट आहेत. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड जे काही येईल ते त्यालाच लावायचे. विंडोजचे वर्म तिथे चालत नाहीत. येणाऱ्या बऱ्याच लोकांना केवळ प्रिंट हवी असते, ती तिथूनच द्या. ब्राउझरमध्ये भरायचा फॉर्म आणि त्याला जोडायचा फोटोही तिथूनच चढवा. अंगठा आणि डिजिटल सही लागणारे काम तेवढे आतल्या विंडोज संगणकावर करा. आपला प्रिंटर लिनक्सवर चालतो की नाही, हे मात्र आधी तपासा. सगळेच चालत नाहीत. तपासण्यासाठी लिनक्स टाकावेही लागत नाही, पेन ड्राइव्हवरून तात्पुरते सुरू करून पाहता येते.

आतल्या संगणकावर रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’, म्हणजे मर्यादित अधिकारांचे, खाते वापरा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त स्वतःकडे ठेवा. पेन ड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडणारे ऑटोप्ले बंद करा. फायलींची शेपटे, म्हणजे पीडीएफ, जेपीजी, ईएक्सई ही अक्षरे, दिसतील अशी व्यवस्था करा, कारण विंडोज ती मुळात लपवून ठेवते आणि ‘मार्कशीट’ नावाची फाइल प्रत्यक्षात ईएक्सई आहे हे सहज कळत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर व्हायरस काढण्याची साधने आणि पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ फुकट मिळते, तेही पाहावे.

प्रश्न : केंद्रातल्या संगणकाला माझा मोबाइल चार्जिंगसाठी लावला होता. त्यातला व्हायरस माझ्या मोबाइलमध्ये येईल का? (शेतकरी, ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस अँड्रॉइड मोबाइलवर चालू शकत नाही. मात्र मोबाइलमधील मेमरी कार्ड काढून रीडरमधून लावले, तर ते पेन ड्राइव्हसारखेच वागते आणि व्हायरस एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात वाहून नेते. नुसत्या वायरने लावताना ‘फक्त चार्जिंग’ हाच पर्याय ठेवावा. आपल्या मोबाइलला खरा धोका वायरीपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप बसवणाऱ्या, फायलींचा आहे. पीएम किसानच्या नावाने, वाहनाच्या चलनाच्या नावाने, अगदी लग्नपत्रिकेच्या नावानेही त्या फिरतात आणि एकदा बसल्या की ओटीपीचे मेसेज वाचतात. ओळखीच्या माणसाकडून आली तरी एपीके उघडू नका. बहुधा त्याचा मोबाइल आधीच बाधित झालेला असतो.

प्रश्न : भरतीचा फॉर्म मी नेट सेंटरवर भरला. सेंटरच्या दादांनीच माझा ई-मेल तयार करून दिला. हॉल तिकीट काढायला गेले तर पासवर्ड चालेना. तिथल्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये माझा आधार, मार्कशीट आणि सही तशीच पडलेली दिसली. हा व्हायरसच आहे का? (विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : असू शकतो, पण आपण लिहिलेल्या गोष्टी व्हायरसशिवायही घडतात. शेकडो फॉर्म भरणारा चालक घाईत ई-मेल काढताना पुष्कळदा सर्वांना एकच पासवर्ड देतो आणि पडताळणीसाठी स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. त्याच्या मनात वाईट काही नसते. तरीही त्या खात्याची किल्ली कायमची त्याच्याकडे राहते आणि त्याच्या संगणकात पासवर्ड टिपणारा कीलॉगर शिरला, तर ती किल्ली भलत्याच माणसाच्या हाती जाते. कीलॉगर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून इंटरनेटवरून तो सोडणाऱ्या भामट्याकडे पाठवतो. पडद्यावर ठिपके दिसत असले तरी त्याला फरक पडत नाही.

त्यामुळे आधी सेंटरवर जाऊन त्या दादांना ई-मेलला कोणता नंबर जोडला आहे ते विचारा आणि त्यांच्यासमोर, पण आपल्या स्वतःच्या मोबाइलवरून, खाते परत मिळवा. ते उघडले की पहिल्यांदा रिकव्हरीचा नंबर बदला, मग पासवर्ड बदला, मग ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. क्रम हाच ठेवा. नंबर न बदलता पासवर्ड बदलला तर तो पुन्हा बदलून घेणे कोणालाही शक्य राहते. त्यानंतर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि भरतीच्या संकेतस्थळाचा पासवर्डही बदला.

डाउनलोड्समधील कागदपत्रे पुसून टाका आणि रिसायकल बिनही रिकामी करून घ्या. असे सांगण्यात उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. पुढच्या वेळी फॉर्म भरताना ब्राउझरची खासगी खिडकी उघडायला सांगा आणि शेवटी लॉग आउट स्वतःच्या हाताने करा. खासगी खिडकीमुळे पासवर्ड जतन होत नाही, कीलॉगर मात्र थांबत नाही, हे लक्षात असू द्या. जिथे चालते तिथे आधारचे पहिले आठ अंक झाकलेली, म्हणजे ‘मास्क्ड’, प्रत द्या. आधारच्या अ‍ॅपमधून बोटांच्या ठशांना कुलूपही लावता येते आणि अंगठा द्यायचा असेल तेव्हा ते तात्पुरते उघडता येते. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर बँकेबरोबरच १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करा. तिथे वेळेला फार महत्त्व आहे.

प्रश्न : एका मुलाच्या पेन ड्राइव्हमुळे आमचे दोन्ही संगणक बिघडले. दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून घेता येईल का? पोलिसांत तक्रार द्यावी का? (नेट सेंटरचालक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात व्हायरस सोडणाऱ्याकडून भरपाई मागण्याची तरतूद आहे, हेच कृत्य लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. पण त्या मुलाला आपल्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे हे माहीतच नव्हते, आणि तो पेन ड्राइव्ह याआधी दुसऱ्या कोणत्या सेंटरला, किंवा आपल्याच सेंटरला, लागला नव्हता असे आपण सांगू शकत नाही. माझा सल्ला असा, की त्याच्यावर आळ घेऊ नये. मुलाला दरडावले तर तो पुढच्या वेळी पेन ड्राइव्ह न सांगता लावेल.

आपल्याकडून मात्र कायद्याच्या काही अपेक्षा आहेत. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार येणाऱ्याची ओळख पटवून नोंदवही ठेवावी लागते, ती किमान एक वर्ष जपावी लागते, पडदे-कप्पे साडेचार फुटांपेक्षा उंच चालत नाहीत. त्या नोंदवहीसोबत लोकांच्या ओळखपत्रांच्या प्रती असतात. अनेक ठिकाणी त्या संगणकात उघड्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. बिघडलेले संगणक दुरुस्तीला देण्याआधी त्या काढून घेतल्या का, हे आजच पाहा.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळींनी गावात अभ्यासिका काढली आणि देणगीतून तीन जुने संगणक घेतले. मुलांसाठी जमवलेल्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे त्यांत होती. आता एका संगणकावरच्या सर्व फायलींच्या नावापुढे अनोळखी अक्षरे लागली आहेत, एकही उघडत नाही आणि इंग्रजी चिठ्ठीत डॉलर मागितले आहेत. तीन वर्षांचे काम आहे. (निवृत्त शिक्षक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : गुरुजी, आपले पत्र वाचून मन हळहळले. हे फायलींना कुलूप लावून त्याच्या किल्लीसाठी खंडणी मागणारे रॅन्समवेअर आहे. पैसे देऊ नका. दिले तरी किल्ली मिळेलच याची कोणतीही हमी नसते.

त्या संगणकाची इंटरनेटची आणि इतर दोन संगणकांशी असलेली वायर ताबडतोब काढा. २०१७ च्या १२ मे रोजी जगभर पसरलेले वॉनाक्राय असेच एका संगणकातून शेजारच्या संगणकात जात होते, आणि त्याला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नाही तेच सापडले. विंडोज ७ ला असे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारणपणे मिळेनासे झाले आहेत. देणगीत आलेल्या संगणकांवर यांपैकी काय आहे ते पाहा. केवळ वाचन आणि इंटरनेट यांसाठी वापर असेल तर तिन्हींवर लिनक्स टाकणे हेच मला योग्य वाटते.

बंद पडलेल्या फायली मात्र पुसू नका. त्यांची एक प्रत आणि ती चिठ्ठी एका कोऱ्या ड्राइव्हवर घेऊन ठेवा. युरोपोल ही युरोपीय पोलीस संघटना, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे एक बंद फाइल आणि चिठ्ठी चढवली, की रॅन्समवेअरचा प्रकार कळतो आणि त्याची किल्ली उपलब्ध असेल तर फुकट मिळते. चढवण्यासाठी प्रश्नपत्रिकेचीच फाइल निवडा, कोणाचे खासगी कागद नको. ‘स्टॉप’ नावाचे रॅन्समवेअरचे कुटुंब मुख्यतः क्रॅक सॉफ्टवेअरमधून शिरते; त्याच्या जुन्या प्रकारांसाठी २०१९ मध्ये किल्ली निघाली, नव्या बहुतेक प्रकारांसाठी ती नाही. आज मिळाली नाही तरी प्रत जपून ठेवा, कारण किल्ल्या कधी कधी वर्षांनंतर उघड होतात. अलीकडे एखाद्या मुलाने खेळ किंवा सॉफ्टवेअर उतरवले होते का, हे न रागावता विचारा. त्याच्या उत्तरावरून प्रकार ओळखायला मदत होईल.

तोपर्यंत टिपणे आणखी कोठे आहेत ते शोधा. मुलांच्या मोबाइलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात, ज्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या त्याच्याकडे, आपल्या स्वतःच्या ई-मेलच्या पाठवलेल्या पत्रांत पुष्कळ सापडेल. जे मिळेल ते एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर भरा, दर शनिवारी नवे काम तीत उतरवा आणि लगेच तिची वायर काढून ती अभ्यासिकेत न ठेवता आपल्या घरच्या कपाटात ठेवा. संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कवरील फायलीही रॅन्समवेअर बंद करून टाकते.